साठ नंबरचा कागद

खोलीच्या जुन्या लाकडी जमिनीवर, भिंतीलगतच्या पट्ट्यावर रोगणाचा पहिला हात फिरवून मी दोन पावलं मागे सरकले आणि ओल्या फळ्यांवर चंद्रकोरी उमटायला लागल्या. आधी एक, मग शेजारी दुसरी, मग भिंतीच्या कडेने रांगच. बारीक, वाकड्या, एकमेकींत अडकलेल्या. आदल्या रात्री याच फळ्यांवर मी तळवा फिरवला होता, पायमोजे घालून घसरून पाहिलं होतं आणि स्वतःवर खूश होऊन झोपले होते. कोरडं असेपर्यंत लाकडाने ताकास तूर लागू दिली नव्हती.

कारण मला लगेच कळलं. खरं म्हणजे आधीपासूनच माहीत होतं. तीन दिवसांपूर्वी रात्री साडेनऊला, कडेची जमीन घासायच्या गोल यंत्राला लावायच्या पॉलिशपेपरच्या ६० नंबरच्या चकत्या संपल्या होत्या. समोर ४० च्या झिजलेल्या चकत्यांचा ढीग होता आणि १०० च्या कोऱ्या होत्या. "१०० नेच जरा जास्त वेळ घासू, काय फरक पडतोय," असं मी मोठ्याने म्हणाले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे हरकत घ्यायलाही कोणी नव्हतं.

पॉलिशपेपरचा नंबर वाढतो तसा त्यावरचा खडा बारीक होत जातो. ४० च्या कागदावरचा खडा सरासरी ०.४ मिलिमीटरच्या थोडा वर, ६० चा ०.२७, ८० चा ०.२, १०० चा ०.१६. पहिला जाडा कागद जुना थर आणि उंचसखलपणा काढतो. त्यानंतरचा प्रत्येक कागद फक्त आधीच्या कागदाचे ओरखडे पुसतो आणि त्या जागी स्वतःचे, जरा उथळ ओरखडे सोडून जातो. ते पुसायला पुढचा. ४० नंतर एकदम १०० घेतला की त्याचे बारके खडे चरांच्या तळापर्यंत पोचतच नाहीत. ते वरच्या वर कंगोरे गोल करत बसतात. हाताला ते गुळगुळीतच लागतं, कारण हाताला कंगोरेच लागतात. चर तसेच राहतात. रोगण मात्र आधी त्या चरांतच उतरतं, तिथे जास्त मुरतं, आणि चर गडद होऊन वर येतात.

या जमिनीशी माझी ओळख लिनोलियम उचललं तेव्हा झाली. खोलीभर तपकिरी, कडक झालेला तो पत्रा कडेने बारीक खिळ्यांनी ठोकलेला होता. एक कोपरा उचकटला तर खालून तागाचं कापड दिसलं आणि मी सुटकेचा श्वास सोडला. जुन्या विनाइलच्या लाद्यांमध्ये, त्यांच्या पाठीच्या थरात आणि काळ्या डांबरी गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेलं की फुप्फुसांना घातक असे बारीक तंतू, असू शकतं. ते असतं तर उचकटणं, खरवडणं सगळं तिथल्या तिथे थांबवावं लागलं असतं. तागाची पाठ म्हणजे खरं लिनोलियम. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने जवसाच्या तेलावर धरणारी रबरासारखी साय पाहिली आणि त्यातून १८६० च्या दशकात हे जमिनीवर अंथरायचं कापड तयार केलं. नावातही जवस आणि तेलच आहे. त्या तेलाची गाठ मला पुढे पुन्हा पडायची होती, वेगळ्या रूपात.

खाली ओकच्या फळ्या होत्या. मधे काळपट रोगण, भिंतींच्या बाजूने हातभर रुंदीचा तपकिरी रंगाचा पट्टा. त्या पट्ट्याने माझे आठ दिवस खाल्ले. जुन्या तैलरंगात शिसं असतं. अमेरिकेत घरगुती रंगांत ते वापरायला १९७८ मध्ये बंदी आली, कुठे त्याआधी, कुठे बरंच नंतर. शिशाच्या रंगावर कोरडा कागद घासणं हा घरभर विष पसरवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग. लहान मुलं तीच धूळ बोटांवरून तोंडात घालतात. एक कपची काढून तपासायला दिली आणि निकाल येईपर्यंत खोलीला कुलूप लावलं. निकालात शिसं नाही आलं. ते आलं असतं तर हा लेख वेगळा झाला असता. बहुधा मी तो लिहिलाच नसता, ज्यांच्याकडे त्या कामाची साधनं असतात त्यांना बोलावून बाजूला बसले असते.

मधल्या काळपट रोगणावर स्पिरिटचा एक थेंब टाकून पाहिला. मिनिटभरात ते चिकट झालं, बोटाला लागलं. म्हणजे लाख. लाखेच्या किड्यांनी फांद्यांवर सोडलेली राळ स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं जुन्या पद्धतीचं पॉलिश. स्पिरिट पडलं की ते आजही विरघळतं, आणि उष्णता लागली की मऊ होतं. म्हणूनच अशा जमिनीवर "बारीक कागदाने हळुवार सुरुवात करू" हा शहाणपणा अंगाशी येतो. बारीक कागद घासून घासून तापतो, लाख वितळते आणि कागदावर काळी चिक्की बसते. जाडा कागद ती चक्क ओरबाडून काढतो. घाबरट माणसाला हे पटायला वेळ लागतो. मला तीन कागद लागले.

त्याआधी खिळे. मुळात या फळ्या खाचेत जीभ बसवून जोडलेल्या, म्हणजे वरून खिळा दिसायलाच नको. पण फळ्या कुरकुरायला लागल्या की प्रत्येक पिढीतल्या कोणीतरी हातोडी काढलेली दिसत होती. चपट्या डोक्याचे, गोल डोक्याचे, एके ठिकाणी तर स्क्रू, त्याचं डोकं तिरकं. एकशे चाळीसपर्यंत मोजले आणि मोजणं सोडलं. प्रत्येक डोक्यावर पोलादी पंच टेकवायचा आणि दोन ठोके देऊन ते लाकडाच्या दोन-तीन मिलिमीटर खाली घालायचं. यंत्राखाली एक डोकं जरी वर राहिलं तरी कागद फाटतो आणि ठिणगी उडते ती वेगळीच. दोन संध्याकाळी गेल्या यात. कंटाळा येईल असं वाटलं होतं, पण गुडघ्यांवर बसून वितीवितीने पुढे सरकताना मला ती जमीन पहिल्यांदा नीट दिसली. उंबरठ्याच्या आत पायांनी झिजून पडलेली उथळ खोलगट. एका कोपऱ्यात चार वाटोळे खड्डे, कुठल्यातरी जड पेटीच्या पायांचे. आणि बऱ्याच खिळ्यांभोवती काळी वलयं.

ती वलयं गोल नव्हती. लाकडाच्या रेषेच्या दिशेने दोन्हीकडे लांबलेली, मधे जाड आणि टोकांना विरत गेलेली, डोळ्यात काजळ घातल्यासारखी. मला वाटलं जळलंय किंवा कुजलंय. पटाशीच्या टोकाने खरवडलं तर खाली लाकूड टणक. ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं, हिरड्यात असतं तसलं तुरट द्रव्य. त्याला लोखंड आणि ओल मिळाली की जे तयार होतं ती शाई. अलंकार म्हणून नाही म्हणत, ती खरोखर शाई आहे. हिरडा आणि हिराकस एकत्र करून जी काळी शाई करतात तिची आणि या डागांची रसायनं एकच. युरोपात ओकवरच्या गाठी आणि लोहक्षार यांच्या शाईने शतकानुशतकं दस्तऐवज लिहिले गेले. इथे पाणी सांडलं होतं, पुसायला कोणाला तरी उशीर झाला होता, आणि खिळ्याने त्याची नोंद करून ठेवली होती.

ही शाई घासून जात नाही, कारण ती फळीत खोल उतरलेली असते. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने जाते. पांढरे खडे कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने डागावर लावायचे आणि थांबायचं. पंधरा-वीस मिनिटांत काळं आधी राखाडी झालं, मग पिवळट, मग लाकूडच. ते पाहताना मी अक्षरशः जमिनीला नाक लावून बसले होते, जे मुळीच करू नये, कारण ते विषारी आहे. हातमोजे हवेत, आणि नंतर जागा दोन-तीनदा पाण्याने पुसून काढायला हवी. खडे तसेच वाळले आणि त्यावर कागद चालवला तर ती धूळ नाकाघशाची आग करते. खिडकीजवळची वलयं मी काढली. उंबरठ्याजवळची सात-आठ ठेवली. का ठेवली याचं उदात्त कारण नाही. अ‍ॅसिड संपलं होतं, आणि नवीन आणेपर्यंत मला ती आवडायला लागली होती.

मग मोठं यंत्र आलं. ड्रम सँडर, म्हणजे फिरत्या रुळावर पॉलिशपेपर गुंडाळलेलं जमीन घासायचं यंत्र, भाड्याने मिळतो. दोघांनी उचलून आत आणावा लागला. देणाऱ्याने दोन मिनिटांत सगळं सांगितलं आणि त्यातलं एक वाक्य तीनदा सांगितलं: ड्रम जमिनीला टेकलेला असताना थांबायचं नाही. आधी चालायला लागायचं, मग दांड्याने ड्रम हळूच खाली सोडायचा. टोकाला पोचण्याआधी, चालता चालताच वर उचलायचा. विमानासारखं, असं तो म्हणाला. मला विमान चालवता येत नाही हे मी त्याला सांगितलं नाही.

फळ्या कडांनी वर उचललेल्या, मधे बसक्या होत्या, म्हणून पहिला फेरा रेषेला थोडा तिरका घेतला, पुढचे सगळे रेषेबरोबर. कानांवर मफ असूनही छातीत घरघर होत होती. आणि पहिल्याच पट्ट्यामागे जे उघडं पडलं ते पाहून मी यंत्र बंद करून उभीच राहिले. काळपट चिकट थराखाली फिक्या मधाचा रंग. ओकच्या रेषांना छेदून जाणारे चकचकीत आडवे ठिपके, झाडाच्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या पेशींचे पट्टे, फळी कापताना तिरपे कापले गेलेले. आणि वास. आंबूस, तुरट, जुन्या पिंपासारखा. इतकी वर्षं बंद राहिलेला वास मिलिमीटरभर खाली शाबूत होता.

त्या भुशाबद्दल दोन शब्द, कारण तो वास नाकात घ्यावासा वाटतो. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, तेही नाकाच्या कर्करोगांवरून. मास्क चांगला हवा, रुमाल चालत नाही. आणि यंत्राची धुळीची पिशवी रात्री घरात ठेवायची नाही. जुन्या रोगणासकटचा भुसा दाबून भरला की आतल्या आत तापून पेटू शकतो.

चूक झाली ती तिसऱ्या दिवशी, हात बसल्यावर. वायर खांद्यावरून मागे टाकायची असते. ती घसरली आणि पायात आली. मी खाली पाहिलं. फक्त पाहिलं, एवढंच. पाय थांबले, ड्रम थांबला नाही. सेकंद, फार तर दीड सेकंद. खिडकीपासून चौथ्या फळीपासून सातवीपर्यंत एक आडवी, वीतभर रुंद खळगी. वरून पाहिली तर दिसत नव्हती. टॉर्च जमिनीवर आडवा ठेवला आणि तिच्या कडेला सावली पडली.

आमच्या ओळखीचे एक सुतारकाका आहेत. आता काम करत नाहीत, पण बघायला येतात. त्यांनी खळगीवर पोलादी पट्टी उभी धरली, खालून येणारा उजेड पाहिला आणि विचारलं, "थांबलात का?"

"वायर पायात आली, काका."

"सगळ्यांच्याच येते."

"पुट्टी भरून सपाट करू?"

"नका. भरलं की लांबूनही दिसेल. लाकूड कधी पुट्टीच्या रंगाचं होत नाही."

"मग आजूबाजूचं घासून तिच्या पातळीला आणते."

"आणा की," ते म्हणाले आणि उंबरठ्यापाशी गेले. तिथली आडवी पट्टी मी आधीच उचकटून ठेवली होती, त्यामुळे फळीचं टोक उघडं होतं. त्यांनी अंगठ्याचं नख फळीच्या माथ्यापासून जिभेपर्यंत धरलं. "नवीन असताना एवढं असतं," म्हणून दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत सहा-सात मिलिमीटर दाखवले. मग नख दाखवलं. त्याच्या निम्म्याच्या जरा वर. "घासायला मिळतं ते एवढंच. तुमच्याआधी कोणीतरी दोनदा तरी घासलंय. एका खळगीपायी अख्खी खोली मिलिमीटरभर खाली नेणार असाल तर न्या. पुढच्याला मग जीभच लागेल."

वीस मिलिमीटरच्या फळीतही जिभेच्या वरचं लाकूडच कामाचं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी जमिनीच्या जाडीचा विचार घराच्या भिंतींसारखा करत होते, म्हणजे करतच नव्हते. खळगी राहिली. दुपारी उशिरा ऊन तिरपं येतं तेव्हा ती दिसते. जे मला माहीत नसलेल्या लोकांनी करून ठेवलं होतं ते मी बरंचसं पुसलं. खोलीतली सगळ्यात ठळक खूण आता माझी आहे.

रोगण कुठलं यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मला जे कळलं ते एवढं: पॉलियुरेथेनचा थर फळीच्या वर बसतो, कडक असतो, वर्षानुवर्षं टिकतो, पण एकदा वाटेवर झिजला की तेवढाच तुकडा बेमालूम दुरुस्त होत नाही. तेल लाकडात मुरतं, लवकर निस्तेज होतं, पण झिजेल तिथे पुन्हा चोळता येतं. खोलीला मी तेलाधारित पॉलियुरेथेन दिलं, कारण दरवर्षी गुडघ्यांवर बसण्याइतकी मी सद्गुणी नाही. उंबरठा सगळ्यात जास्त तुडवला जातो, म्हणून त्याला उकळलेलं जवसाचं तेल.

तेल चोळून झालं, चिंधी चुरगाळून खिडकीच्या कठड्यावर टाकली आणि हात धुवायला गेले. तास-दीड तासाने ती उचलली तर गोळ्याच्या आत बोटं गेली आणि मी हात झटकला. ऊबदार होती. खिडकीत ऊन नव्हतं. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि त्यात उष्णता निघते. पसरलेल्या कापडातून ती निघून जाते, गोळ्यात साठते. फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत २३ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री अशाच तेलाच्या चिंध्यांनी आपोआप पेट घेतला. भिंतींवरच्या लाकडी आच्छादनाला पॉलिश करणाऱ्यांनी त्या बाविसाव्या मजल्यावर ठेवल्या होत्या. तीन अग्निशामक जवान गेले, आणि आग थांबली ती तिसाव्या मजल्यावर, जिथे पाण्याचे फवारे बसवलेले होते. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं असूनही चिंधी गोळा करूनच टाकली होती. आता ती पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात जाते, झाकण लावून.

तर त्या चंद्रकोरी. ओल्या रोगणावर काहीच करता येत नाही. ब्रश ठेवला, दार लावून घेतलं आणि पुरता थर कडक होईपर्यंत दोन दिवस वाट पाहिली. मग ६० चा कागद आणला. कडेच्या गोल यंत्राला पुन्हा हात लावला नाही. लाकडाच्या ठोकळ्याला कागद गुंडाळून, रेषेबरोबर, हाताने. कोपऱ्यांत स्क्रेपर. ६०, मग ८०, मग १००. प्रत्येक कागदानंतर टॉर्च जमिनीवर आडवा ठेवून पाहायचं, आणि शेवटी फडकं ओलं करून, घट्ट पिळून एक हात फिरवायचा. फळी ओली असते त्या अर्ध्या मिनिटात रोगण पुढे काय दाखवणार आहे ते पाणी आधीच दाखवतं. इतकी सोपी गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती असं मी म्हणणार होते. सांगितली होती. सुतारकाकांनी, दुसऱ्या दिवशी. मला वाटलं ते धूळ पुसायला सांगतायत.

दुसऱ्यांदा लावलेल्या रोगणात चंद्रकोरी आल्या नाहीत. एका कोपऱ्यात दोन-तीन आहेत, कपाटामागे.

काकांची आणखी एक गोष्ट मी ऐकली नव्हती. खिडकीजवळ दोन फळ्यांमध्ये नखभर फट होती. "त्याला हात लावू नका," ते म्हणाले होते, "आत्ता हवा कोरडी आहे." मला ती फट डोळ्यांत खुपत होती. बारीक भुसा आणि गोंद कालवून मी ती ठासून भरली, वरून कागद मारला, रोगण दिलं. सुरेख दिसत होती, मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. पाच महिन्यांनी हवा दमट झाली. लाकूड लांबीत जवळपास हलतच नाही, रुंदीत मात्र ओल घेऊन फुगतं. एका सकाळी अनवाणी चालताना पायाला काहीतरी टोचलं. दोन फळ्यांच्या मधून माझी ती पट्टी वर आली होती, नखाने धरता येईल इतकी. ओढली तर हातभर लांब, अख्खी सुटून आली. खालची फट मिटलेली होती.